अमेरिकेतला कुर्ट वाईल: गाणं कुठे येतं ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा: 'तीन पैशाचा तमाशा'मुळे कुर्ट वाईल हे नाव कानावर आलं. हा जर्मन संगीतकार नाझींमुळे देश सोडून अमेरिकेत गेला आणि तिथे ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, जाऊन धंदेवाईक झाला, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. ते खरं का? त्याचं अमेरिकन काम कुठून ऐकायला घ्यावं? आणि त्याची गाणी मराठी प्रयोगात घ्यायची तर काय सांभाळावं?

आधी एक गैरसमज दूर करू. पु. ल. देशपांड्यांनी रूपांतर केलेला आणि जब्बार पटेलांनी १९७८मध्ये थिएटर अकॅडमीतर्फे बसवलेला 'तीन पैशाचा तमाशा' जर्मन नाटककार ब्रेख्त आणि वाईल यांच्या 'ड्राय-ग्रोशेन-ओपर'वरून (इंग्रजीत 'थ्रीपेनी ऑपेरा') आलेला आहे, पण त्यातलं संगीत वाईलचं नव्हे. ते इथल्या संगीतकारांनी नव्याने बांधलं. म्हणजे तमाशा पाहिला असला तरी वाईल अजून ऐकायचाच आहे. दुसरं, आपल्याकडे त्याची ओळख 'ब्रेख्तचा संगीतकार' एवढ्यावर थांबते. प्रत्यक्षात १९३५ ते १९५० ही शेवटची पंधरा वर्षं त्याने अमेरिकन रंगभूमीवर काढली आणि ब्रॉडवेवर आठ नवी संगीत नाटकं उभी केली. शिवाय एक अवाढव्य बायबलनाट्य आणि शाळा-कॉलेजांसाठी एक छोटा ऑपेरा.

ही कारकीर्द समजून घ्यायची एक किल्ली आहे. चाली जर्मन की अमेरिकन, उच्च की बाजारू, हे वाद बाजूला ठेवा आणि प्रत्येक नाटकात एकच गोष्ट तपासा: गाणं कुठे येतं आणि का येतं? हा निर्णय वाईल स्वतःकडे ठेवायचा. तो संवाद लिहीत नसे, पण काम नाटककाराचं करत असे. १९४६मध्ये मॅक्सवेल अँडरसन, एल्मर राइस वगैरे नाटककारांनी चालवलेल्या 'प्लेराइट्स कंपनी'ने त्याला सभासद करून घेतलं. त्या मंडळीत संगीतकार हा एकटाच.

जर्मनीतला भाग भराभर सांगतो. जन्म २ मार्च १९००, डेसाऊ. वडील सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाणारे कँटर. बर्लिनमध्ये संगीतकार बुझोनीकडे तीन वर्षं शिक्षण. १९२६मध्ये गेओर्ग कायझरच्या संहितेवरचा 'डेर प्रोटागोनिस्ट' ड्रेस्डेनला गाजला, म्हणजे ब्रेख्त भेटायच्या आधीच तो नावाजलेला ऑपेराकार होता. ३१ ऑगस्ट १९२८ला बर्लिनच्या शिफबाउअरडाम थिएटरात 'ड्राय-ग्रोशेन-ओपर' उघडला आणि युरोपभर पसरला. त्याच्या करारातली वाटणी लक्षात ठेवण्यासारखी आहे: ब्रेख्त ६२.५ टक्के, एलिझाबेथ हाउप्टमान १२.५ टक्के, वाईल २५ टक्के. ज्याच्या चाली रस्त्यावर शिटीवर वाजत होत्या त्याला पाव हिस्सा! पुढे अमेरिकेत तो लेखकाच्या बरोबरीने बसायचा आग्रह का धरतो, याचं निदान एक कारण या आकड्यांत सापडतं.

१८ फेब्रुवारी १९३३ला 'डेर झिल्बरझे' लाइपझिग, माग्डेबुर्ग आणि एर्फुर्ट अशा तीन गावी एकदम उघडला. हिटलर सत्तेवर येऊन तीन आठवडेही झाले नव्हते. लौकरच प्रयोग बंद पडले आणि मार्चमध्ये वाईलने पॅरिस गाठलं. तिथे बालंशिनच्या नृत्यसंचासाठी 'सात महापापं', मग 'मारी गालांत', मग १९३५मध्ये लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात 'अ किंगडम फॉर अ काऊ'. हा शेवटचा प्रयोग सपशेल पडला. १० सप्टेंबर १९३५ला तो आणि त्याची जोडीदार, गायिका-नटी लोट्टे लेन्या 'मॅजेस्टिक' बोटीने न्यूयॉर्कला उतरले. दिग्दर्शक मॅक्स राइनहार्टच्या बायबलनाट्याचं संगीत करून पुढचं पाहू, एवढाच बेत.

ते 'दि इटर्नल रोड' सारखं पुढे ढकललं गेलं आणि उघडायला १९३७चा जानेवारी उजाडला. त्यात काय बिघडलं ते नाटक करणाऱ्याने जरूर पाहावं. नॉर्मन बेल गेडीसच्या नेपथ्याने मॅनहॅटन ऑपेरा हाउसमधली वादकांची जागाच गिळून टाकली. मग बरंचसं वादन आधी ध्वनिमुद्रित करून वाजवावं लागलं. १५३ प्रयोग झाले, गर्दीही झाली, पण खर्च इतका अफाट की निर्मिती तोट्यातच गेली. संगीतकाराला विचारल्याशिवाय नेपथ्य ठरलं की काय होतं, याचा याहून मोठा नमुना शोधायला नको.

ही सक्तीची मोकळीक वाईलने वापरली कशी? तो नाटकं बघत फिरला. ऑक्टोबर १९३५मध्ये गर्शविनच्या 'पोर्गी अँड बेस'च्या रंगीत तालमीला जाऊन बसला. व्यापारी रंगभूमीच्या चौकटीत ऑपेरा उभा राहू शकतो हे त्याने तिथे पाहिलं. त्यात पोर्गी करणारा टॉड डंकन चौदा वर्षांनी वाईलच्याच शेवटच्या नाटकात मुख्य भूमिकेत उभा राहिला. घरातसुद्धा त्याने आणि लेन्याने जर्मन मागे टाकून इंग्रजी धरली. दोघांची पत्रं हळूहळू इंग्रजीत गेलेली दिसतात.

पहिलं अमेरिकन नाटक 'जॉनी जॉन्सन', नोव्हेंबर १९३६, ग्रुप थिएटर, लेखक पॉल ग्रीन, दिग्दर्शक ली स्ट्रासबर्ग. नट कसलेले, पण गाणारे नव्हेत. ६८ प्रयोग. यातून तो एक गोष्ट शिकला: गळा नसलेल्या नटासाठी गाणं लिहिता येतं, फक्त ते त्या नटाचं माप घेऊनच लिहावं लागतं.

हे शिक्षण १९३८च्या 'निकरबॉकर हॉलिडे'त कामी आलं. न्यू ॲमस्टरडॅमचा (म्हणजे जुन्या न्यूयॉर्कचा) एकपाया, हुकूमशहा गव्हर्नर स्टाइवसंट ही भूमिका वॉल्टर ह्यूस्टनकडे होती. नट पहिल्या दर्जाचा, गळा मर्यादित. त्याच्यासाठी वाईल-अँडरसन जोडीने 'सप्टेंबर साँग' केलं. ३२ मात्राखंडांचं साधं गाणं. चाल बोलण्याच्या लयीत चालते आणि खालची संगत मेजरवरून मायनरकडे हळूच सरकते, म्हणजे अर्ध्या वाटेत ऊन जाऊन सावली येते. पण नाटकाच्या बाजूने पाहिलं तर गंमत वेगळीच आहे. गाणारा माणूस खलनायक आहे, तरुण मुलीशी लग्न करू पाहणारा म्हातारा. या एका गाण्याने प्रेक्षक त्याच्या बाजूला गेले आणि नाटकातल्या राजकीय टोमण्याची धार बोथट झाली. गाणं चिरंजीव झालं, नाटक १६८ प्रयोगांवर थांबलं. चुकीच्या पात्राच्या तोंडी अप्रतिम गाणं दिलं की संहितेचा तोल जातो, ही अडचण आपल्या संगीत रंगभूमीलाही अनोळखी नाही.

आता 'लेडी इन द डार्क'. इथे जरा थांबू या, कारण वाईलचं डोकं कसं चालायचं ते सर्वांत स्पष्ट इथे दिसतं. २३ जानेवारी १९४१, ॲल्विन थिएटर, संहिता मॉस हार्टची, गीतं आयरा गर्शविनची, मुख्य भूमिकेत गर्ट्रूड लॉरेन्स. फॅशन मासिकाची संपादक लायझा एलियट निर्णय घेता येत नाहीत म्हणून मनोविश्लेषकाकडे जाते. नियम असा ठरला की जागेपणीच्या प्रवेशांत गाणं नाही, सगळं गद्य. संगीत फक्त तिच्या स्वप्नांत. अशी तीन स्वप्नं, आणि प्रत्येक स्वप्न म्हणजे अखंड वाहणारा छोटा ऑपेराच. नाटकातली माणसं अचानक गायला का लागतात, हा संगीत नाटकाला कायम विचारला जाणारा प्रश्न त्याने असा मुळातूनच निकालात काढला.

त्यावर कडी म्हणजे 'माय शिप'. लायझाला लहानपणचं एक गाणं आठवतंय, पण पूर्ण आठवत नाही. सुरुवातीलाच ती त्याचे चार सूर गुणगुणते आणि अडते. ती अर्धवट सुरावट स्वप्नांत वेश बदलून डोकावत राहते. शेवटी आठवण मोकळी होते तेव्हा गाणं पहिल्यांदा सबंध ऐकू येतं, आणि तोच रोगाचा उलगडा असतो. म्हणजे कथानकाची गाठ एका चालीत बांधलेली आहे. हे गाणं काढलं तर नाटकच उरत नाही. १९४४च्या चित्रपटात नेमकं तेच केलं गेलं: बहुतेक गाणी उडवली आणि 'माय शिप' गुणगुणण्यापुरतं ठेवलं. म्हणून वाईलची अमेरिकन नाटकं त्यांच्या हॉलिवूड आवृत्त्यांवरून पारखू नका. 'वन टच ऑफ व्हीनस'च्या चित्रपटाचीही तीच गत आहे.

प्रयोगाच्या अंगानेही हे नाटक सोपं नव्हतं. स्वप्न सुरू होताना ऑफिस विरघळून जायला हवं, म्हणून हॅरी हॉर्नरने चार फिरते रंगमंच बसवले. स्थलांतराला लागणारा वेळ आणि संगीताची लांबी यांचं गणित जुळलं नाही तर एक तर सूर संपून शांतता पडते, नाही तर सेट थांबतो आणि संगीत चालूच राहतं. वादकांसमोर उभा होता मॉरिस अब्राव्हानेल, बर्लिनमधला वाईलचाच विद्यार्थी. त्याच नाटकात डॅनी के पन्नासेक रशियन संगीतकारांची नावं एका दमात म्हणायचा ('चायकोव्स्की'), आणि त्याच्या टाळ्या विरायच्या आत लॉरेन्सला 'द सागा ऑफ जेनी' गाऊन घर परत जिंकावं लागे. हा क्रम मुद्दाम आहे: दुय्यम नटाच्या वन्समोअरखाली नायिका दबू नये म्हणून लगेच तिच्या हाती हुकमी पान दिलं आहे. ब्रॉडवेवर ४६७ प्रयोग झाले.

आता वाद्ययोजना. हा मुद्दा मराठी वाचकाला कोणी नीट सांगत नाही, पण माझ्या मते वाईलचं वेगळेपण निम्मं इथेच आहे. ब्रॉडवेची रीत अशी की संगीतकार पियानो आणि गळा एवढंच लिहून देतो. कोणत्या वाद्याने काय वाजवायचं ते व्यावसायिक ऑर्केस्ट्रेटर पानांच्या हिशेबाने लिहितो. रॉबर्ट रसेल बेनेट हे त्यातलं मोठं नाव. वेळ कमी असतो, तालमीत गाणी बदलतात, बाहेरगावच्या चाचणी प्रयोगांत गाणी कापली जातात, म्हणून ही कामाची विभागणी. तोटा असा की दहा संगीतकारांची नाटकं एकाच रंगात ऐकू येतात: व्हायोलिनं गायकाच्या चालीलाच चिकटून चाललेली, वर पितळी वाद्यांची झालर.

वाईल हे जवळजवळ सगळं स्वतः लिहायचा, तालमी चालू असताना रात्री बसून, शेकडो पानं. मदत घेतली ती क्वचित एखाद्या नंबरापुरती. उदाहरणार्थ 'स्ट्रीट सीन'मधलं 'मून-फेस्ड, स्टारी-आइड' हे नाचगाणं टेड रॉयलच्या हातचं आहे, कारण तिथे अस्सल नाचाच्या बँडचा आवाज हवा होता. बाकी ठिकाणी त्याची युक्ती कान देऊन ऐकली की कळते. गायकाची चाल वाद्यांत दुणावत नाही. वाद्यं त्याच्याविरुद्ध दुसरं काहीतरी बोलतात. पात्र म्हणतं 'मी ठीक आहे' आणि खालून क्लॅरिनेट म्हणतं 'खोटं'. नाटककाराची टीप त्याने वाद्यांत लिहिलेली असते. म्हणून त्याचं गाणं नुसत्या कीबोर्डवर बसवलं की सपाट लागतं आणि मग लोक म्हणतात, चाल साधीच आहे की!

'वन टच ऑफ व्हीनस' (१९४३, ५६७ प्रयोग) हे त्याचं धंद्याच्या हिशेबाने सर्वांत यशस्वी नाटक: मेरी मार्टिन, ऑग्डेन नॅशची गीतं, ॲग्नेस डी मिलचं नृत्य आणि 'स्पीक लो'. त्याच वर्षी २७ ऑगस्टला तो अमेरिकन नागरिक झाला. यावर जास्त लिहीत नाही. ऐकायला गोड आहे आणि गोडच राहू द्यावं. दीड वर्षाने सोळाव्या शतकातल्या शिल्पकार चेल्लिनीच्या फ्लॉरेन्समधली ऑपेरेटा (हलकाफुलका ऑपेरा) 'द फायरब्रँड ऑफ फ्लॉरेन्स' ४३ प्रयोगांत आटोपली. युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत दरबारी पोशाखाची ऑपेरेटा बघायला कोणाला उत्साह नव्हता. शिवाय डचेसच्या भूमिकेत जड उच्चारांच्या लेन्याला घालण्याचा हट्ट वाईलचाच, आणि तो चुकला.

मग 'स्ट्रीट सीन'. ९ जानेवारी १९४७, ॲडेल्फी थिएटर. एल्मर राइसचं मूळ नाटक १९२९चं. न्यूयॉर्कची एक चाळ, जून महिन्यातला उकाडा, पायऱ्यांवर बसलेली बिऱ्हाडं, एक बाहेरख्याली असल्याचा बोभाटा झालेली बाई आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या हातून तिचा खून. गिरगावात वाढलेल्याला नेपथ्याचं स्पष्टीकरण लागणार नाही. गीतांसाठी वाईलने कवी लँगस्टन ह्यूजला बोलावलं. कारण त्याला रस्त्यावरची भाषा हवी होती, गीतकारी झिलई नको होती. ह्यूजने त्याला हार्लेममधलं गाणं-बजावणं ऐकवलं. झाडूवाल्याच्या तोंडचं 'अ मार्बल अँड अ स्टार' हे ब्लूज त्या वळणाचं आहे.

इथे गाणं कुठे येतं? सगळीकडे, पण एकाच जातीचं नाही. अॅना मॉरंटला, त्या मारल्या जाणाऱ्या बाईला, ऑपेरातली लांबलचक आरिया, म्हणजे एकटीने गायचं गाणं ('समहाऊ आय नेव्हर कुड बिलीव्ह'). तिच्या मुलीवर टपलेल्या ऑफिसवाल्याला गुळगुळीत ब्रॉडवे गाणं, कारण तो माणूसच विक्रेता आहे. आइस्क्रीमच्या कोनावर सहा जणांचं षट्क, इटालियन ऑपेराची खुशाल टर उडवत. ज्यू तरुण सॅमला 'लोनली हाऊस'. कोण कोणत्या शैलीत गातो यावरून त्याचं स्वप्न आणि त्याची पायरी कळते. मधले संवाद गद्य, पण बऱ्याच संवादांखाली वाद्यवृंद चालू असतो, त्यामुळे बोलण्यातून गाण्यात जाताना पायरी लागत नाही. हेच बसवायला सर्वांत अवघड. संवाद दोन सेकंद लांबला की वाद्यवृंद पुढे निघून जातो. नटाला संवादाची लय मात्रांत पाठ करावी लागते आणि आपले नट याला सहसा तयार नसतात.

डिसेंबर १९४६मधले फिलाडेल्फियाचे चाचणी प्रयोग वाईट गेले, प्रेक्षागृह रिकामं. न्यूयॉर्कमध्ये समीक्षकांनी उचलून धरलं, तरी १४८ प्रयोगच झाले. दुसऱ्याच दिवशी 'फिनियन्स रेनबो' उघडलं आणि मार्चमध्ये 'ब्रिगाडून'; गल्ला तिकडे गेला. ('ब्रिगाडून'चा संगीतकार फ्रेडरिक लो हाही बर्लिनमध्ये जन्मलेला, ही एक मौज.) मात्र त्या वर्षी पहिल्यांदाच दिल्या गेलेल्या टोनी पुरस्कारांत संगीताचा पुरस्कार 'स्ट्रीट सीन'साठी वाईलला मिळाला. १४८ हा आकडा ब्रॉडवेवर अपयश, पण ऑपेरा म्हणून पाहिला तर एका हंगामात सलग १४८ प्रयोग कोणत्या ऑपेरागृहात होतात?

'लव्ह लाइफ' (१९४८, ॲलन जे लर्नरची संहिता आणि गीतं, २५२ प्रयोग) यात एकच जोडपं १७९१पासून १९४८पर्यंत न म्हातारं होता जगतं आणि प्रवेशांच्या मधे व्हॉडव्हिलची (सुट्या करमणुकीच्या कार्यक्रमांची) मंडळी येऊन लग्नसंस्थेवर टिप्पणी करून जातात. वगात मधेच सोंगाड्या येऊन कान उपटतो, तसंच काहीसं. पुढच्या पिढीतल्या कल्पनाप्रधान म्युझिकल्सचं मूळ अनेक जण इथे शोधतात. पण त्या वर्षी वादक संघटनेने ध्वनिमुद्रणावर बंदी घातली होती, त्यामुळे मूळ संचाची तबकडी निघालीच नाही आणि नाटक विस्मरणात गेलं. शेवटचं 'लॉस्ट इन द स्टार्स', ३० ऑक्टोबर १९४९, ॲलन पेटनच्या दक्षिण आफ्रिकेवरच्या कादंबरीवरून. पाद्री स्टीफन कुमालोच्या भूमिकेत टॉड डंकन. यात समूहगायक हेच मुख्य पात्र. वाद्यवृंद फक्त बारा जणांचा आणि त्यात व्हायोलिन एकही नाही: व्हायोला, चेलो, हार्प, ॲकॉर्डियन. वरचा गोडवा काढून टाकल्यावर आवाज जमिनीलगत येतो. शीर्षकगीत मात्र दहा वर्षांपूर्वी एका अर्धवट राहिलेल्या नाटकासाठी केलेलं. चांगला माल तो वाया जाऊ देत नसे. २८१ प्रयोग. ते चालू असतानाच ३ एप्रिल १९५०ला हृदयविकाराने तो गेला, वय पन्नास. हकलबेरी फिनवरच्या नव्या नाटकाची पाच गाणी तयार होती.

तर, धंदेवाईक झाला का? त्याला नाटक चालायला हवं होतं हे खरं, आणि त्याने ते कधी लपवलंही नाही. बर्लिनमध्येही हवंच होतं. पण एक साचा सापडल्यावर धंदेवाईक माणूस तोच गिरवतो. वाईलने 'लेडी इन द डार्क'ची युक्ती पुन्हा वापरली नाही, 'स्ट्रीट सीन'चीही नाही. १९४७मध्ये 'लाइफ' मासिकाने त्याला जर्मन संगीतकार म्हटलं, तेव्हा त्याने पत्र पाठवून हरकत घेतली. दोन वाईल असल्याची कथा मागाहून तयार झाली, आणि तिला एक व्यावहारिक कारणही आहे. ब्लिट्झस्टाइनच्या इंग्रजी रूपांतरातला 'थ्रीपेनी ऑपेरा' १९५४पासून न्यूयॉर्कच्या थिएटर द लीसमध्ये एकूण २,७०७ प्रयोग चालला आणि त्या गदारोळात अमेरिकन नाटकं झाकली गेली. गंमत म्हणजे त्याच 'थ्रीपेनी'ची १९३३मधली ब्रॉडवेवरची पहिली खेप बारा प्रयोगांत आटपली होती.

ऐकायला सुरुवात 'स्ट्रीट सीन'च्या संपूर्ण ध्वनिमुद्रणाने करा, संहिता हातात घेऊन. मग 'लेडी इन द डार्क'ची तीन स्वप्नं, सलग. मग 'लॉस्ट इन द स्टार्स'चं १९४९च्या मूळ संचाचं. सुट्या गाण्यांच्या जॅझ आवृत्त्या सर्वांत शेवटी. त्या सुंदर आहेत, पण गाणं कुठे येतं ते त्यांत पुसलेलं असतं.

आता बसवण्याकडे. 'ड्राय-ग्रोशेन'मधली 'मॅकी मेसर'ची मोरिटाट (रस्त्यावर गायचं खुनांचं कथागीत) घेऊ, कारण सगळे तीच घेतात. मूळ पट्टी पांढरी एक, लय संथ ब्लूजची, कडवं सोळा मात्राखंडांचं. चाल सुरू होते ग प ध ध, ग प ध ध. म्हणजे खाली षड्जाचा मेजर कॉर्ड घट्ट बसलेला आणि गाणारा मात्र धैवतावर लोंबकळलेला. रस्त्यावरच्या पेटीवाल्याची बाळबोध चाल वाटते, पण ती षड्जावर घरी येत नाही. खुनांची यादी वाचणाऱ्याचं ते न टेकणं आहे. इथे पहिली चूक: गायक धैवतावरून ओघळत पंचमावर किंवा षड्जावर येतो, सवयीने. मींड घेतली की खलास. धैवत सरळ, कोरडा, जसा आहे तसा सोडायचा. दुसरी चूक: बॉबी डॅरिनची १९५९ची तबकडी ऐकून स्विंग करणं आणि अर्ध्या-अर्ध्या सुराने पट्टी चढवत नेणं. मूळ रचनेत पट्टी हलत नाही. दर काही कडव्यांनी साथीत वाद्यं भरत जातात. चढण तिथे आहे.

शब्दांचं गणित: जर्मन ओळी आलटून पालटून आठ आणि सात अक्षरांच्या. पहिली दोन अक्षरं उचलीची, सम तिसऱ्या अक्षरावर आणि मग सातव्यावर. 'बघा माशाचे हे दात' असं केलं तर सम 'मा'वर आणि 'दा'वर पडते. मासा आणि दात, दोन्ही ठसतात. 'माशाचे दात बघा तुम्ही' याचा अर्थ तोच, पण सम 'चे'वर येते आणि ओळ लंगडते. भाषांतरकाराला चाल पाठ असल्याशिवाय कागदावर लिहायला बसवू नका.

'पायरेट जेनी' किंवा 'सुरबाया जॉनी' गाणाऱ्या मुली हमखास लेन्याच्या पन्नाशीनंतरच्या तबकड्यांची नक्कल करतात: खर्जातला, घोगरा, सिगारेटी आवाज. त्या तबकड्यांत पट्ट्या खाली उतरवलेल्या आहेत. १९२८ची लेन्या बारीक, उंच, पोरसवदा आवाजाची होती. धमकीचे शब्द आणि निरागस गळा यांच्यातलं अंतर हाच त्या गाण्याचा काटा. घोगऱ्या आवाजात तो जातो. ताना, हरकती, शेवटच्या ओळीची पुनरावृत्ती हे सगळं बंद. वन्समोअर आला तर पूर्ण गाणं पुन्हा घ्या.

साथीला 'ड्राय-ग्रोशेन'चा मूळ संच सात जणांचा, पण ते सात जण मिळून वीसहून जास्त वाद्यं वाजवायचे: सॅक्सोफोनवाला क्लॅरिनेट आणि बासरीही घेई, ट्रॉम्बोनवाला डबल बास, बँजोवाला चेलो, गिटार आणि बँडोनिअन (ॲकॉर्डियनच्या जातीचं वाद्य). असे बहुवादक मिळणार नाहीत, तेव्हा नऊ-दहा माणसं धरा. कमी करायचीच तर चेलो आणि सेलेस्टा सोडा. बँजो, ट्रम्पेट आणि हार्मोनियम सोडू नका. हो, स्वरलिपीत हार्मोनियमची स्वतंत्र ओळ आहे, पियानोवाल्याकडे. ती हातपेटी नव्हे, पायाने भाता मारायची. आपल्या संगीत नाटकवाल्यांनी जिला ऑर्गन म्हटलं त्याच कुळातली. जुना ऑर्गन कोणाकडे चालू स्थितीत असेल तर आणा, फक्त सूर आधी पियानोशी लावून बघा. जुन्या पट्ट्या बहुधा किंचित उतरलेल्या किंवा चढलेल्या निघतात आणि मग ट्रम्पेटवाला रडकुंडीला येतो. हातपेटी वापरायची तर स्वर एकेक धरून, भाता सारखा ठेवून वाजवा. चालीमागे बोटं पळवली की लगेच भजनी मंडळ ऐकू येतं.

परवानग्या. भारतात संगीताचा आणि शब्दांचा हक्क वेगळा मोजतात, निर्मात्याच्या मृत्यूच्या वर्षानंतर साठ वर्षं. वाईलचं संगीत इथे २०११पासून मोकळं आहे. ब्रेख्तचे शब्द २०१७पासून, मॅक्सवेल अँडरसनचे २०२०पासून. पण लँगस्टन ह्यूजचे शब्द २०२७ अखेरपर्यंत बांधलेले, ऑग्डेन नॅशचे २०३१, आयरा गर्शविनचे २०४३, लर्नरचे २०४६. म्हणजे 'सप्टेंबर साँग'चं मराठी करून गाता येईल, 'माय शिप'चं करायला परवानगी लागेल. ध्वनिमुद्रणांचे हक्क आणि नव्याने केलेल्या वाद्ययोजनांचे हक्क आणखी वेगळे. आणि हाच प्रयोग अमेरिकेतल्या किंवा जर्मनीतल्या महाराष्ट्र मंडळात नेणार असाल तर भारताचा हिशेब तिथे चालत नाही: जर्मनीत मुदत सत्तर वर्षांची, त्यामुळे ब्रेख्त तिथे २०२६ अखेरपर्यंत बंद, अमेरिकेत १९२८चा 'ड्राय-ग्रोशेन' २०२४पासून मोकळा, पण १९४१चा 'लेडी इन द डार्क' नाही. न्यूयॉर्कची कुर्ट वाईल फाउंडेशन ही लेन्याने १९६२मध्ये काढलेली संस्था आहे. कोणत्या नाटकाची स्वरलिपी कोणत्या प्रकाशकाकडे मिळते ते तिथून कळतं. पत्र लिहिताना गाण्यांची यादी, भाषा, प्रयोगांची संख्या आणि वादकांची संख्या पहिल्याच पत्रात द्या आणि तालमी सुरू करायच्या बऱ्याच आधी लिहा.